बेशुद्ध बाई आणि तिच्यामागची राक्षसीण

माझी थोरली बहीण या वर्षी दुसऱ्यांदा प्रसिद्ध झाली. पहिल्यांदा झाली तेव्हा मी नववीत होते आणि ती कॉलेजात. तेव्हाही मला ते सहन झालं नव्हतं आणि आता साठी ओलांडल्यावरही होत नाही. मधली वर्षं तेवढी बरी गेली.

सुरुवात माझ्या सुनेच्या मोबाईलवरून झाली. चित्रकला शिकलेली एक मुलगी आहे, नाशिकचीच. ती भयकथांच्या आणि विज्ञानकथांच्या जुन्या मासिकांची मुखपृष्ठं पडद्यावर दाखवते आणि त्यांच्यावर बोलते. लोक पोट धरून हसतात. सुनेने तिच्या कार्यक्रमाचा एक तुकडा मला दाखवला. पडद्यावर एक बाई दगडावर आडवी पडली होती, एक हात खाली लोंबत होता, डोळे मिटलेले, आणि मागून एक हिरवी राक्षसीण तिच्या अंगावर येत होती. सून म्हणाली, "आई, कसलं भारी आहे ना?"

मी म्हटलं, "ती आपली ताई आहे."

सुनेला वाटलं, मी गंमत करतेय.

आम्ही नाशिक रोडला नोटांच्या प्रेसच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. वडील प्रेसमध्ये आणि शेजारचे काकाही प्रेसमध्ये. काका दिवसभर नोकरी करायचे आणि संध्याकाळी मुंबईच्या मासिकांसाठी मुखपृष्ठं रंगवायचे. भुतं, हडळी, कवट्या, उडत्या तबकड्या, परग्रहावरून आलेली मंडळी. संपादकांची मागणी ठरलेली असायची. पुढे एक सुंदर बाई हवी आणि तिच्यामागे संकट हवं. काकांना कल्पनेतून माणूस काढता येत नसे, डोळ्यांसमोर कोणीतरी लागायचं. काकूंना त्यांनी विचारलं, तर काकू म्हणाल्या, "स्टोव्हवर भाजी टाकून मी बेशुद्ध पडत बसू?" मग काकांची नजर ताईवर गेली.

ताई फार सुंदर होती. हे मी कबूल करते, पण आनंदाने नाही. आई विणकाम घेऊन सोबत बसणार, या अटीवर वडिलांनी परवानगी दिली. ताई काकांच्या खाटेवर आडवी पडायची आणि अंक छापून आला की ती खाट कधी थडगं झालेली असायची, तर कधी मंगळावरचा खडक. मीही रोज आईबरोबर जायचेच. मग काका एकदा म्हणाले, "तू रिकामी बसलीयस, तर मागे उभी राहा." तेव्हापासून वाटणी पक्की झाली. ताई सौंदर्य आणि मी संकट. ताईचा चेहरा ते जसाच्या तसा काढत. माझ्या चेहऱ्याला शिंगं, सुळे, हिरवा रंग, जे लागेल ते लावत. नाशिक रोड स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर अंक टांगला की कॉलेजातली मुलं ताईला ओळखायची. मला कोणी ओळखायचं नाही.

तर तो तुकडा बघितल्यावर मी ताईला फोन करून सांगितलं की रविवारी कॉलेज रोडला असा असा कार्यक्रम आहे, आपण जाऊ. फोन मीच केला. दुसरं कोणी नव्हतं मला ढकलायला.

सभागृह लहान होतं, पण भरलेलं होतं. ती मुलगी जीन्स आणि खणाचं जॅकेट घालून उभी होती. तिने पहिलं चित्र लावलं. "बाई मंगळावर पोचल्यात," ती म्हणाली. "रॉकेटने लाखो मैल आल्या, पण निऱ्या बघा. एक हललेली नाही. डोक्यावर प्राणवायूचं हेल्मेट आहे. गजरा मात्र हेल्मेटच्या बाहेर. म्हणजे श्वास बाईंना आणि सुवास मंगळाला."

लोक कोसळले. मी हसले नाही, कारण तो गजरा आईने माळला होता आणि हेल्मेट म्हणजे काकूंची लोणच्याची बरणी होती. हे मला माहीत होतं आणि त्या मुलीला नव्हतं. तरी हशा तिला मिळत होता.

पुढचं चित्र उडत्या तबकडीचं होतं. "वर काय आहे, दिसतंय का?" तिने विचारलं. "शिट्टी. तीन शिट्ट्या झाल्या की हल्ला." नंतर एक सांगाडा आला. अमावास्येची रात्र, उघडा दरवाजा, दारात उभा सांगाडा, आणि उंबऱ्याबाहेर नीट जोडीने काढून ठेवलेल्या चपला. "खानदानी सांगाडा आहे," ती म्हणाली. "जीव घेणार, पण चपला बाहेर काढून."

त्या चपला आईच्या होत्या. दार काकांचं होतं. काका दिसेल ते काढायचे. चपला दिसल्या, चपला काढल्या. मंगळावरच्या डोंगराचं चित्र आलं तेव्हा मला पांडवलेणीची टेकडी दिसली, फक्त पायऱ्या पुसलेल्या. मी मनातल्या मनात एकेका चित्रावर बोलत होते, आणि माझं बोलणं त्या मुलीपेक्षा चांगलं होतं असं मला वाटत होतं. अर्थात मनातल्या मनात सगळ्यांचंच चांगलं असतं.

मग तिने ओळीने पाच-सहा मुखपृष्ठं लावली. "आता ही बाई बघा. दर महिन्याला बेशुद्ध. भूत आलं, बेशुद्ध. तबकडी आली, बेशुद्ध. इथे तर नुसतं वटवाघूळ आलंय. मी हिला खूप शोधलं. कोणी प्रत्यक्षातली बाई असणार, कारण चेहरा प्रत्येक ठिकाणी तोच आहे. पण कोण, ते काही सापडलं नाही."

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. ताई उभी राहिली होती. गुडघे धरून, सावकाश, पण उभी राहिली.

"ती मी," ताई म्हणाली.

काय टाळ्या पडल्या! मुलगी मंचावरून धावत खाली आली आणि ताईला हाताला धरून वर घेऊन गेली. ताईने जाता जाता पर्स माझ्या मांडीवर टाकली. सत्तरीच्या घरातली बाई, पांढरे केस, नाकी डोळी तशीच नीटस. पडद्यावरचा चेहरा आणि खालचा चेहरा लोक आळीपाळीने बघत होते. तिला माईक दिला आणि ताई बोलायला लागली.

"एकदा तर गंमतच झाली," ती म्हणाली. "काका हिरवा रंग बरोबर जमलाय का, ते कानावर लावून बघायचे. तो काही निघेना. मी दुसऱ्या दिवशी तशीच शाळेत गेले. बाईंनी विचारलं, काय गं, कान पिकला का? मी म्हटलं, नाही बाई, अजून कच्चाच आहे."

लोक हसून हसून लोळायचे बाकी होते.

तो कान माझा होता. उत्तरही माझं होतं. शाळा माझी होती, कारण ताई तेव्हा कॉलेजात होती, आणि ताईला हिरवा रंग कशाला लावतील? कोणी एवढासा विचार केला असता तरी लक्षात आलं असतं. पण सुंदर बाई बोलत असताना कोण विचार करतं? मी पर्स घट्ट धरून बसले होते.

कार्यक्रमानंतर लोक ताईबरोबर फोटो काढायला जमले. एक मुलगा मला अगदी नम्रपणे म्हणाला, "काकू, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

परतताना रिक्षात, द्वारका चौकाच्या सिग्नलला, मी म्हणाले, "तो कान माझा होता."

"तुझा होता का?" ताई म्हणाली. तिला खरंच आश्चर्य वाटलं. "मला वाटलं माझाच. असू दे गं, एकाच घरातले कान."

ताई खोटारडी नाही, हीच तर अडचण आहे. तिला खरोखर काही आठवत नव्हतं. काकांच्या खाटेवर डोळे मिटून पडलं की तिला झोप लागायची. तिकडे काय घडत होतं ते सगळं मी घरी येऊन सांगितलेलं तिने ऐकलं होतं, आणि इतक्या वर्षांत ते तिचं स्वतःचं झालं होतं.

आठवड्याभराने त्या मुलीने ताईला फोन केला. कळवणच्या एका कॉलेजात कार्यक्रम ठरला होता, ताईंनी यावं, मंचावर बसावं, आठवणी सांगाव्यात. ताईने लगेच हो म्हटलं आणि मग मला फोन लावला. "तू पण चल. आणि मला जरा सांग ना, अजून काय काय झालं होतं?"

मग रोज दुपारी फोन. ताई विचारायची, मी सांगायचे. बरणी माझ्या डोक्यात अडकली तेव्हा काकूंनी तेल कसं ओतलं, वडिलांना यमदूत म्हणून उभं केलं तेव्हा त्यांनी चष्मा काढायला कसा नकार दिला आणि अखेर यमदूत चष्म्यासकट कसा छापून आला. ताई फोनवर खदखदून हसायची आणि म्हणायची, "हे मी सांगते हं." मी फोन ठेवून स्वयंपाकघरात जायचे आणि भांडी जरा आपटूनच लावायचे. सून विचारायची, "काय झालं आई?" मी म्हणायचे, "कुठे काय."

शिवाय ताईने नवी साडी घेतली. मंचावर शोभेल अशी. मला दाखवायला बोलावलं.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. का सांगितली नाही, ते तेव्हा माझं मलाही कळत नव्हतं. नाही सांगितली एवढं खरं.

त्या मुलीच्या गाडीतून आम्ही कळवणला गेलो. पुढच्या सीटवर ताई, कारण तिचे गुडघे. कॉलेजचं सभागृह पत्र्याचं होतं आणि आजूबाजूच्या गावांतली मुलंमुली खच्चून भरली होती. शिट्ट्यांचा विनोद तिथेही चालला, चपलांचाही चालला. ताईने बरणी सांगितली, यमदूताचा चष्मा सांगितला. सगळं छान सांगितलं. मी पहिल्या रांगेत प्राध्यापकांच्या मधे बसून माझीच वाक्यं ऐकत होते. एका ठिकाणी ती चुकली, तेव्हा मी नकळत ओठ हलवून पुढचा शब्द दिला आणि तिने तो उचललाही.

मग मुलीने विचारलं, कोणाला काही प्रश्न? मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, तुमच्या मागं ती जी राक्षसीण हाय ना, तिचे डोळे लय भारी काढलेत. खरंच खाईल असं वाटतंय. ती कोण हाय?"

ताईने माझ्याकडे बघितलं. हे तिला कोणी पढवलं नव्हतं. "ती आमची धाकटी," ती माईकवर म्हणाली. "ती काय समोर बसलीय. ये गं वर."

मी उठले. मंचावर गेले, माईक हातात घेतला आणि जे ताईला सांगितलं नव्हतं तेच तोंडातून निघालं.

"काका मला म्हणाले, हात वर कर, बोटं वाकडी कर, डोळ्यांत राग आण. मी विचारलं, कोणाचा राग आणू? ते म्हणाले, आण कोणाचाही. मला काही जमेना. मग मी समोर बघितलं. खाटेवर ही झोपली होती. आईची पैठणी हिला नेसवली होती, केसांत गजरा, गालाला पावडर. मला आईची जुनी शाल दिली होती, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मी हिच्याकडे नुसतं बघत राहिले. काका ओरडले, हां! हेच! हलू नकोस!"

सभागृह एकदम फुटलं.

मी विनोद सांगत नव्हते. मी अगदी खरं आणि दुखरं ते सांगत होते, आणि समोर शेकडो पोरं बाकांवर हात आपटत होती. क्षणभर मला रडू येईल असं वाटलं. आणि मग लक्षात आलं, की ही मुलं माझ्याकडे बघून हसतायत. ताईकडे नाही, पडद्याकडे नाही. जिने प्रश्न विचारला होता ती तर डोळे पुसत होती. मी थोडं थांबले. हसू ओसरू दिलं. आणि पुढचं वाक्य मी जाणूनबुजून सांगितलं.

"त्यानंतर काकांना माझ्याकडून राग मागावा लागला नाही. ताईला समोर झोपवलं की झालं."

पुन्हा तेच. मी मग थांबलेच नाही. स्टेशनवरच्या स्टॉलपुढे उभं राहून मी त्या राक्षसिणीच्या डोळ्यांत स्वतःला कशी ओळखत होते ते सांगितलं. आमच्या वर्गातली एक मुलगी ते चित्र बघून मला म्हणाली होती, तुझी बहीण किती सुंदर आहे गं, आणि ही मागची किती घाणेरडी, तेही सांगितलं. ते सांगताना कोणी हसलं नाही, सगळे शांत झाले, आणि ती शांतताही मला आवडली. ती मुलगी, कार्यक्रमवाली, बाजूला हाताची घडी घालून ऐकत होती. तिने पडद्यावर ती हिरवी राक्षसीण मोठी करून लावली, फक्त डोळे दिसतील एवढी.

मी आणखी काही सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ताईने माईक स्वतःकडे ओढला. "वेळ झाला वाटतं," ती म्हणाली. "मुलांची बस असेल."

फोटोच्या वेळी मुलांनी आम्हा दोघींना मधे घेतलं. दोन-तीन मुलींनी माझ्यासारखी बोटं वाकडी करून फोटो काढले. ताईला त्यांनी बेशुद्ध पडायला सांगितलं, पण तिचे गुडघे दुखत होते.

परतीच्या वाटेवर वणी मागे पडली. द्राक्षांच्या बागा गेल्या, दिंडोरी आली. मग ताई पुढच्या सीटवरून मान न वळवता म्हणाली, "चांगलं बोललीस. पण जरा लांबलं, नाही?"

"लांबलं का?" मी म्हटलं.

"थोडंसं. आणि पैठणी नव्हती ती, साधी नारायणपेठ होती."

मी खिडकीची काच थोडी खाली केली. आपल्या बोलण्यात ताई खुसपट काढते आहे, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं, आणि मला ते फार फार बरं वाटत होतं.