नलूताईंनी थांबवलेली मिरवणूक

आमची विजयाची मिरवणूक भर पावसात अडवणाऱ्या नलूताई आज सकाळी गेल्या.

दापोलीत शिकताना ज्यांनी घरी फोन केलेत, त्यांना त्या आठवतील. एसटी स्टँडसमोरचा एसटीडी बूथ. काचेची केबिन, बाहेर बाकडं, काउंटरमागे नलूताई.

मी तेव्हा कृषी विद्यापीठात थर्ड इयरला होतो.

कारगिलची लढाई संपली आणि हॉस्टेलवर कुणाला बसवेना. दुपारी मिरवणूक काढली. दोन-अडीचशे मुलंमुली, तिरंगे, पाच ढोल. ढोल भिजू नयेत म्हणून वरून प्लास्टिक गुंडाळलेलं. बाजारात दुकानदार बाहेर येऊन पेढे भरवत होते.

पुढचा ढोल माझ्या गळ्यात.

स्टँडसमोर जागा मोठी. तिथेच रिंगण धरून आम्ही वाजवायला लागलो.

नलूताई छत्री न घेताच आल्या आणि माझ्या हातातलं टिपरू धरलं.

"थांब जरा."

"ताई, आजच्या दिवशी तरी वाजवू द्या की."

खोटं कशाला बोलू, मला राग आला होता.

"आत मंडणगडकडची एक बाई बसल्येय," त्या म्हणाल्या. "मुलगा लढाईवर होता. दीड महिना पत्र नाही. आत्ता त्याचा फोन आला आणि तुमच्या ढोलांत तिला एक अक्षर ऐकू आलं नाही. लाइन कटली."

"परत करेल ना?"

"काय माहीत. तिकडे फोनला रांग असते म्हणे."

मी टिपरू सोडलं.

बाकीचे ढोल थांबले. मागे घोषणा चालूच होत्या. मग निरोप एकाकडून दुसऱ्याकडे मागे गेला, आणि अख्खी मिरवणूक गप्प झाली.

प्लास्टिकवर पाऊस तेवढा वाजत होता. एक ड्रायव्हर गाडी मागे घेत होता, त्यानेही इंजिन बंद केलं.

तिथे उभं असताना कळलं. आदल्या दिवशी त्या मुलाच्या मित्राने बूथवर फोन करून सांगितलं होतं, तो उद्या दुपारी बोलेल, आईला बोलावून घ्या. नलूताईंनी मंडणगडच्या कंडक्टरच्या हाती चिठ्ठी दिली. त्याने फाट्यावर गाडी थांबवून ती घरी पोचती केली.

दहा मिनिटं गेली असतील. एकही जण हलला नाही.

रिंग वाजली.

केबिनचं दार उघडंच होतं.

"हां बाबू, मी आय. जेवलास काय?"

माझ्या शेजारची मुलगी हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

"हातापायाला काय लागला नाय ना? खरा सांग."

बराच वेळ ती नुसती ऐकत होती.

"लावणी झाली. तुज्या बापान एकट्यान केलान... आता नाय कोन वाजवत. पोरा उभी हायत बाहेर. गप उभी हायत."

बाहेर आली आणि एवढी माणसं बघून बावरली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बरा हाय," एवढंच म्हणाली.

नलूताईंनी टिपरू माझ्या हातात दिलं. "वाजव आता."

मी पुढे गणपतीत वाजवलं, भावाच्या लग्नात वाजवलं. पण तसं वाजवणं पुन्हा झालं नाही. त्या माउलीला मंडणगडची गाडी गाठायची होती. अख्ख्या मिरवणुकीने तिला गाडीपर्यंत पोचवलं.

बूथचं पुढे झेरॉक्सचं दुकान झालं. मी देवरूखला नोकरीला लागलो, तरी दापोलीला गेलो की तिथे डोकावायचो.

एकदा म्हटलं, "ताई, तुम्ही माझं टिपरू हिसकावून घेतलं होतंत."

"हिसकावलं नाही. मागत होत्ये. तूच देत नव्हतास."

मग चहा मागवला आणि दर वेळेसारखंच विचारलं, आईला फोन केलास का?

शेवटची दोन वर्षं नलूताई आपल्या लेकीकडे होत्या. मजेत होत्या. नातवंडांना दटावत होत्या.

नलूताई, त्या दिवशी आम्हाला अडवलंत, फार बरं केलंत.

दापोलीत शिकलेल्या आम्हा सगळ्यांचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.