धड्यातल्या गुरुजींच्या गावी

शाळेची सहल म्हटली की तुळजापूर, अक्कलकोट, फार तर विजापूरचा गोल घुमट, असा आमच्या सोलापुरातला त्या काळचा रिवाज. एका लेखकाचं गाव बघायला चौतीस मुली घेऊन जायचं, हे खूळ माझं. अलीकडे दोन-तीन तरुण शिक्षकांनी मला विचारलं, की अशी सहल आखायची तर कशी? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गोष्ट सत्तरच्या दशकातली, मोठ्या दुष्काळानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यातली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. वळसंगपासून आडरस्त्यानं तीनेक मैल, एवढं पुरे.

मी तेव्हा सात रस्त्याजवळच्या एका मुलींच्या शाळेत आठवीला मराठी शिकवत होते. लेखकाचं जन्मगाव आणि दोन पुस्तकांची नावं पाठ करायची, परीक्षा झाली की विसरायची, याचा मला कंटाळा आला होता. म्हणून ‘वर्षाचा लेखक’ सुरू केलं. वर्षभर एकच लेखक. त्याची पुस्तकं वर्गात मोठ्यानं वाचायची, आयुष्याचा तक्ता भिंतीवर लावायचा, एखाद्या धड्याचं नाटक बसवायचं. त्या वर्षी आम्ही सिद्राम बोराळकर घेतले होते. पुण्यात राहणारे, मोठं नाव झालेले, पण जन्मानं आमच्याच जिल्ह्यातले.

त्यांचा ‘माझा पहिला मराठी शब्द’ हा धडा आठवीला होता. घरी कानडी बोलणारा सहा वर्षांचा सिद्राम शाळेच्या पहिल्याच आठवड्यात तहान लागली म्हणून ‘नीरु’ मागतो. गुरुजी म्हणतात, मराठीत माग. त्याला शब्द येत नाही. गुरुजी छडी दाखवून त्याला भर दुपारी अंगणात उभं करतात आणि शेवटी पोरगं चक्कर येऊन पडतं. धड्याखाली प्रश्न होता : ‘गुरुजी निर्दय होते, हे पाठाच्या आधारे सिद्ध करा.’ पाच गुणांचा. चार वर्षं मी मुलींकडून त्याचं उत्तर घोटून घेत होते.

बोराळकरांना पत्र टाकलं. त्यांचं कार्ड आलं, की जरूर जा, शाळा अजून त्याच जागी आहे, मी मात्र कित्येक वर्षांत गेलेलो नाही. गावच्या हेडमास्तरांनाही कळवलं, की मुली तुमच्या अंगणात या धड्याचं नाटक करतील. ‘अवश्य यावे,’ असं उत्तर आलं. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी एकच अट घातली, की दिवस मावळायच्या आत सगळ्या मुली घरी पोचल्या पाहिजेत.

शनिवारी सकाळी सातला आम्ही एस.टी. स्टँडवर जमलो. अक्कलकोटची गाडी लागली आणि कंडक्टरनं आमची रांग बघून कपाळाला हात लावला.

“बाई, निम्मी गाडी तुमचीच की. बसा, पण खिडकीतनं हात भाईर काढायचा न्हाय.”

नाटकातले गुरुजी होती रझिया. वर्गात सगळ्यांत उंच, आवाज खणखणीत, वडील ट्रक चालवायचे. छडी तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. छोटा सिद्राम होती पद्मा, सोलापूरच्या पूर्वभागातल्या एका विणकराची मुलगी. घरी तेलुगू. पहिलीत तिलाही मराठी येत नव्हतं, म्हणून ही भूमिका तिनं स्वतःहून मागून घेतली होती.

वळसंगला उतरून चहा घेतला आणि चालायला लागलो. कोणी जाणार असेल तर थंडीतच जा. दोन्ही बाजूंनी डोक्याएवढी ज्वारी, मधून बैलगाडीची वाट, आणि दहा वाजले तरी ऊन अंगाला बरं वाटतं. हातमागावर वाढलेल्या माझ्या निम्म्या मुलींनी ज्वारी फक्त पोत्यात पाहिली होती. एका शेतात हुरडा भाजणं चाललं होतं. तिथल्या मावशींनी आम्हाला हटकलं.

“कुटं निघालाव एवढ्या पोरी घिऊन?”

मी सांगितलं.

“बोराळकराच्या सिद्रामाचं गाव बघाय? बसा की मग. गाव काय पळून जातंय व्हय?”

गरम हुरडा आणि शेंगाची चटणी खाऊन आम्ही गावात शिरलो तेव्हा अकरा वाजले होते. बोराळकरांचं घर बंद होतं, दाराला कुलूप. मुलींनी बाहेरूनच पाहून घेतलं. शाळा मात्र उघडी होती, तीन खोल्या आणि पुढं मोठं अंगण. निम्मं गाव येऊन बसलं होतं. रझिया फेटा बांधत असताना हेडमास्तरांनी मला बाजूला बोलावलं.

“बाई, पत्रात एक लिवायचं राहिलं. त्ये गुरुजी हितंच असतात. त्ये बघा, म्होरच्या रांगेत, काळ्या टोपीतले.”

मला क्षणभर कळेना, कुठले गुरुजी. मग कळलं, धड्यातलेच. पंचाहत्तरीचे असतील. धोतर, बंद गळ्याचा कोट, दोन्ही हात मांडीवर ठेवून शांत बसलेले.

“आधी का नाही कळवलंत?”

“तुमी आलाच नसता की,” हेडमास्तर म्हणाले. “त्यांनीच सांगितलंय, येऊ द्या म्हणून.”

खरं सांगते, त्या गुरुजींचा जिवंत माणूस म्हणून मी कधी विचारच केला नव्हता. धड्यातला माणूस धड्यातच राहतो, अशी माझी समजूत होती. मी त्यांच्यापाशी गेले, नमस्कार केला आणि म्हणाले, “गुरुजी, आम्हाला माहीत नव्हतं. मुली दुसरं काहीतरी म्हणून दाखवतील. कविता येतात त्यांना.”

“नको,” ते म्हणाले. “करू द्या. राज्यभर पोरं त्यो धडा वाचत्यात, मीच तेवढा कधी वाचला न्हाय. आज बघतो.”

मी आत जाऊन रझियाला आणि पद्माला खरं काय ते सांगितलं. मुलींपासून लपवून त्यांना पुढं ढकलणं मला जमेना. रझियानं फेट्याचं टोक हातात तसंच धरून ठेवलं.

“बाई, मी त्यांच्यासमोर त्यांनाच करू?”

“तुला नको असेल तर नाही करायचं.”

तिनं फेटा पुन्हा बांधायला घेतला. “ते बघतो म्हणालेत ना? मग करते. पण जास्त ओरडणार नाही.”

आणि ती ओरडली नाही. तालमीत ती पाय आपटायची, मुली हसायच्या. त्या दिवशी तिनं हलक्या आवाजात म्हटलं, “मराठीत माग,” आणि ते जास्तच कठीण वाटलं. पद्मा अंगणाच्या मधोमध उभी राहिली. ती खाली कोसळली तेव्हा एका बाईनं पदर डोळ्याला लावला. मी गुरुजींकडं बघत होते. त्यांची मान जराही हलली नाही.

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. गुरुजी काठी टेकत उठले आणि रझियापाशी आले.

“पोरी, छडी उजव्या हातात धरलीस. मी डावखुरा हाय.” मग म्हणाले, “बाकी समदं बरोबर.”

तेव्हा पद्मा, अंगाला माती लागलेली तशीच, म्हणाली, “गुरुजी, तुम्हाला कानडी येत नव्हतं का?”

मी तिला गप्प करणार होते. गुरुजींनी हात वर करून मला थांबवलं. ते पायरीवर बसले आणि मुली त्यांच्याभोवती गोळा झाल्या.

“येत हुतं की. माझ्या आईची भाषा कानडीच. तुला पाणी पायजे, ह्ये मला पहिल्याच शब्दाला कळलं हुतं.” ते पद्माकडं बघत बोलत होते, जणू समोर तीच सहा वर्षांची होती. “दुसऱ्या दिवशी दिपोटी येणार हुते, शाळा तपासायला. वर्गात कानडी ऐकू आलं तर नोकरी जाईल, आसं मला वाटलं. बावीस वर्षांचा हुतो. पण ह्ये कारण म्हणून सांगत न्हाय मी. पोराला घोटभर पाणी देऊन मग शिकवलं असतं तरी चाललं असतं. त्यो मला उभा ऱ्हायलेला दिसत हुता. तरी मी फळ्यावर लिहीत बसलो.”

“मग तुम्ही त्यांना कधी सांगितलं का?” रझियानं विचारलं.

“कसं सांगू? तो मोठा झाला, पुण्याला गेला. मी बदल्या करत हिकडं-तिकडं. रिटायर होऊन पोरीकडं ऱ्हायला आलो, तर धडा आला पुस्तकात.” मग ते सावकाश म्हणाले, “माझी नात अक्कलकोटला शिकती. गेल्या साली तिला त्यो प्रश्न आला. निर्दय हुते, सिद्ध करा. तिनं त्यो कोरा सोडला. घरी आल्यावर काय बोलली न्हाय. तिच्या मास्तरांनी मला सांगितलं.”

तो प्रश्न मी किती वेळा फळ्यावर लिहिला होता.

दुपारी गावानं जेवू घातलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ताक. गुरुजी आमच्याच पंगतीला बसले. मुली त्यांना कानडी शब्द विचारत होत्या आणि ते एकेक सांगत होते. रझियानं आपल्या वहीत ते सगळे लिहून घेतले. निघताना मी त्यांना वाकून नमस्कार केला. ते इतकंच म्हणाले, “सिद्रामाला कळवा. मी अजून हाय म्हणावं.”

चारची गाडी वळसंगला मिळाली. परतीत मुलींनी गाणी म्हटली नाहीत. दिवस मावळायच्या आत सगळ्या घरी पोचल्या.

सोमवारी मी मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं, की वार्षिक पेपरातून तो प्रश्न मी काढणार.

“आणि दुसऱ्या कुठल्या पेपरात मुलींना तोच आला तर?”

“तर त्यांना उत्तर येईलच. ते सिद्ध करणं सोपं आहे.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “मग काय विचारणार?”

पेपरात मी विचारलं : ‘गुरुजींच्या जागी तुम्ही असता, तर त्या दुपारी काय केले असते?’ चौतीस उत्तरं चौतीस तऱ्हेची आली. तपासायला मला आठवडा लागला. पद्मानं लिहिलं होतं, की मला खात्री नाही. दुसऱ्या दिवशी साहेब येणार असते तर मीही घाबरले असते. तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

बोराळकरांना घडलं तसं सगळं लिहिलं. दोन महिने उत्तर नाही. मला वाटलं, दुखावले. मग कार्ड आलं, अगदी थोडक्यात : धडा मी बदलणार नाही, तसंच घडलं होतं, गुरुजींचा पत्ता मात्र पाठवा. मी पाठवला.

‘वर्षाचा लेखक’ मी निवृत्त होईपर्यंत चालवलं. पुढं बऱ्याच गावांना गेलो. तुम्ही अशी सहल काढणार असाल तर गाडीच्या वेळा, पाणी, जेवण हे सगळं बघाच. पण त्याआधी गावात पत्र टाकून विचारा, की धड्यातलं कोण-कोण अजून तिथं आहे. मी तेव्हापासून तो नेम कधी चुकवला नाही.

त्या सहलीनंतरच्या दिवाळीनंतर शाळेच्या पत्त्यावर मला एक पत्र आलं. अक्षर थरथरतं, पण वळणदार, जुन्या शिक्षकाचं. गुरुजींनी लिहिलं होतं, की सिद्राम पाडव्याला येऊन गेला, संध्याकाळपर्यंत बसला, आणि आम्ही सगळा वेळ कानडीतच बोललो. काय बोलले ते त्यांनी लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही.