एकाच मडक्यातले बेडूक

मोठा बेडूक आणि लहान बेडूक मी एकाच मडक्यात कोंडले. परवा मोखाड्याच्या बाजारात एका बाईने गळतंय का ते बघायला कोऱ्या मडक्यात पाणी ओतलं, आणि त्या ओल्या मातीच्या वासाबरोबर मी थेट दाभोशाला, सासऱ्यांच्या पडवीत जाऊन बसलो.

सासरे तेव्हा तापातून नुकते उठले होते आणि कित्येक दिवसांनी त्यांनी तोंडाने काही मागितलं होतं, तेही बेडकाचा रस्सा. मेहुण्यांनी सकाळभर खाचरातला चिखल तुडवला तेव्हा चार लहान आणि एक पिवळाधमक, ओंजळीत न मावणारा हाती लागला. मी नवा जावई, म्हणून मला फक्त राखण दिली. मी सगळे मडक्यात घातले, वर पाटा ठेवला आणि निजलो.

उठून पाटा सरकवला तर आत तो एकटाच. पोट टम्म आणि तोंडाबाहेर एक पाय, अजून हलत असलेला. मी तो पाय धरून ओढला. पाय माझ्या हातात आला, बाकीचा आत गेला. रक्ताळलेलं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. चिडून मी वरवंटा हाणला तो मडक्यावर बसला, आणि खापरांतून उडी मारून बेडूक खाचरात गेला.

तेव्हा मला त्या बेडकाचा भयंकर राग आला होता. आता वाटतं, आम्ही संध्याकाळी करणार होतो तेच त्याने दुपारी उरकलं.

सासऱ्यांनी माझ्या हातातला पाय पाहिला, पेजेची वाटी पुढे ओढली आणि माझ्या बायकोला म्हणाले, “बाय, उद्या पोर झालं तं ह्याचेपाशी ठेवू नको.”