आपांचं व्हर्नाक्युलर

नसीम आपा फॉर्म पुढे सरकवायच्या, पण पेन द्यायच्या नाहीत. नाशिकच्या आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या संमतीपत्रावर नातेवाइकांची सही घेणं हे आम्हा काउंटरवाल्यांचं काम. कुणी पेन मागितलं की आपा म्हणायच्या, "पहिले मला सांगा, आत तुमच्या माणसाचं काय करणार आहेत? सांगा, आणि पेन घ्या."

फॉर्मच्या तळाला इंग्रजीत छापलेलं असे, की वरचा सगळा मजकूर मला व्हर्नाक्युलरमध्ये, म्हणजे माझ्या देशी भाषेत, समजावून सांगितला आहे. तो शब्द माझ्या चांगलाच ओळखीचा. सिन्नरच्या मराठी शाळेतून मी कॉलेजात गेले तेव्हा इंग्रजी शाळांतल्या मुली मला 'व्हर्नाक' म्हणून हाक मारायच्या. शिवीच ती. आता काउंटरवर तोच शब्द बघून मी मनात म्हटलं, बरी जिरली त्यांची, इथे व्हर्नाकवालीच लागते!

म्हणून सटाण्याकडच्या यशोदाबाई आल्या तेव्हा मीच पुढे सरसावले. त्यांच्या नवऱ्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं. मी अख्खा फॉर्म शुद्ध, खणखणीत मराठीत वाचून दाखवला, 'क्वचित प्रसंगी पाय गमावण्याचा धोका' यासकट. त्यांनी मान डोलावली. मी खूश. दहा मिनिटांनी बघते तर बाई पिशवी घेऊन वॉर्डाच्या दारात उभ्या. सही करायची नाही, नवऱ्याला घरी न्यायचं.

डॉक्टर चिडले. "लवकर सही घ्या, नाहीतर पुढचा पेशंट घेतो." तो माणूस तसाच गावी गेला असता तर जन्माचा अधू झाला असता, एवढं मलाही कळत होतं.

आपा मालेगावच्या, यंत्रमागवाल्यांच्या घरातल्या. यशोदाबाईंची बोली अहिराणी, ती आपांनी शेजारणींकडून उचललेली. त्यांनी यशोदाबाईंना बाकावर शेजारी बसवलं. "काय व्हयनं माय?"

"मना धनीना पाय कापतीन ना! हाई पोर बोलनी." बाई रडायलाच लागल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कापतस नही माय, जोडतस." आपांनी स्वतःच्या मांडीवर बोट फिरवून सळई कुठून कुठवर बसते ते दाखवलं. कधीमधी बिघडतं, तेही लपवलं नाही. डॉक्टर घड्याळ बघत डोक्यावर उभे होते. आपा मान वर न करता म्हणाल्या, "पाच मिनिटं, सर. समजावलं म्हणून लिहून घेतो ना आपण? मग झूठ का लिहायचं?"

यशोदाबाईंनी सगळं आपल्या शब्दांत परत सांगितलं, तेव्हा कुठे पेन मिळालं. सही अशी दाबून केली की कागद फाटतो की काय!

काही महिन्यांनी त्यांचा नवरा आपल्या पायांनी चालत काउंटरवर आला, डाळिंबांची पिशवी घेऊन. ती सोलता सोलता डॉक्टरांनी विचारलं, "आपा, 'दुखतंय का' ला अहिराणीत काय म्हणतात?" पुढे ऑफिसशी भांडून डॉक्टरांनीच तो फॉर्म बदलून घेतला. व्हर्नाक्युलर गेलं आणि तिथे 'कोणत्या भाषेत सांगितलं' अशी कोरी जागा आली. आपांचा आनंद बघण्यासारखा होता. काउंटरवरच्या सगळ्यांना त्यांनी जिलबी खाऊ घातली.

नवे फॉर्म आले तो आठवडा आपांच्या नोकरीचा शेवटचा. पहिला फॉर्म कळवणच्या एका म्हातारीसमोर मी धरला आणि मोडक्यातोडक्या अहिराणीत सांगायला लागले. म्हातारी खो खो हसली, माझ्या चुका काढल्या, आणि मग आपल्या मुलाबद्दल तीन प्रश्न विचारले. मी कोऱ्या जागेत 'अहिराणी' लिहिलं. खाली साक्षीदार म्हणून आपांनी सही केली. हॉस्पिटलातली त्यांची ती शेवटची सही.