डब्यावर बसलेली माणसं

बत्तीमामूंच्या दुकानात गाडीचं काम झालं तरी गाडी लगेच ताब्यात मिळायची नाही. आधी डब्यावर बसावं लागायचं. डबा म्हणजे रंगाचा मोठा रिकामा डबा, उपडा घातलेला, वर पोत्याची घडी. गाडीच्या नाकासमोर पंधरा-वीस पावलांवर तो ठेवलेला असे. मालकानं त्यावर बसायचं, मामू गाडीचे सगळे दिवे लावायचे आणि मालकानं आपल्याच गाडीच्या उजेडाकडं बघत तीसपर्यंत आकडे म्हणायचे. मनात नाही, मोठ्यानं. "मनात माणूस धाचे तीस करतो," मामू म्हणायचे. "तोंडानं म्हना."

उमरग्यात हैदराबादच्या हमरस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. गाड्यांच्या वायरिंगचं काम. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला उसाचा रस. मामू उंच, वाळके, चष्म्याला दोरी बांधलेली, तोंडात कायम बडीशेप. ट्रकवाल्यांपासून आम्हा शाळामास्तरांपर्यंत सगळे त्यांना बत्तीमामूच म्हणायचे. डब्याची भानगड कशासाठी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बाई, गाडीत बसलेला तर माझं गिऱ्हाईक हायच. समोरनं येनारा बी माझं गिऱ्हाईकच हाय. फकस्त त्याला ठावं न्हाय."

या परीक्षेतून कुणाची सुटका नव्हती. एकदा पांढरे शुभ्र कपडे घातलेला एक गडी जीप घेऊन आला होता. जीपवर अकरा दिवे. टपावर पाच, पुढं चार, आणि आरशांपाशी दोन उगीच आपले. त्याला फक्त एक सैल झालेली वायर जोडून हवी होती. मामूंनी ती दोन मिनिटांत जोडली आणि डब्याकडं बोट केलं. गडी तडकला. "मामू, मला वळखत न्हाय का तुमी?" मामू म्हणाले, "वळखतो की! म्हनून तर पोतं झटकून ठिवलंय." आता एवढी माणसं बघतायत म्हटल्यावर तो बसला. बाराव्या आकड्याला त्यानं रुमाल काढला. "बास, बास! बंद करा!" मामू आतून शांतपणे म्हणाले, "अजून अठरा ऱ्हायले, साहेब." त्या दिवशी जीपवरचे सहा दिवे उतरले. मी तिथंच उभी होते, मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"डोळ्यात पानी आलं की समजायचं, दिवा वर हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते सांगताना हाताची दोन बोटं आडवी धरून दाखवायचे. दोन बोटं खाली, की झालं काम.

उसाचा हंगाम लागला की मामूंच्या खिशात लाल चमकत्या पट्टीचे तुकडे असत. रस्त्यानं उसाची गाडी चालली असली की मोपेड आडवी लावायची, गाडीवानाला थांबवायचं आणि मागच्या बाजूला दोन तुकडे चिकटवायचे. कुणी सांगितलेलं नाही, कुणाच्या देण्याघेण्यात नाही. त्यांच्या गावात एक म्हैस संध्याकाळी नेमकी रस्त्याच्या मधोमध बसायची. मामूंनी तिच्या दोन्ही शिंगांना तुकडे लावले. मालक भांडायला आला, "म्हशीचं काय पासिंग करायचंय का मामू?" मामू म्हणाले, "ती काळी, रस्ता काळा, अंधार काळा. आता तूच सांग, डायव्हरनं काय वासावरनं वळखायचं?" आठ दिवसांनी तोच मालक दुसऱ्या म्हशीसाठी तुकडे मागायला आला.

आता माझी गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

माझी शाळा उमरग्यापासून आत, मामूंच्याच गावात. मी रोज गावाकडं जायची आणि मामू रोज गावाहून शहराकडं यायचे. त्या अरुंद रस्त्यावर सकाळी आमची गाठ ठरलेली. ते मोपेडवरून हात वर करायचे, मी हॉर्न द्यायची. माझी गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, पण माझ्या जिवाची. ती तशीच राहिली असती, पण नाताळच्या सुमारास सोलापूरच्या माझ्या धाकट्या जाऊबाईंनी नवी गाडी घेतली. त्या गाडीच्या दिव्यांवर पांढऱ्या पट्ट्या होत्या, दिवसाढवळ्याही पेटणाऱ्या. गाडी चालू केली की पट्ट्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सरकत उजळायच्या. जाऊबाई म्हणाल्या, "ताई, तुमच्या गाडीला नाहीत का असल्या? अगं बाई, जुनी आहे नाही का!" झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे म्हणाले, "अगं, गाडी तीच, रस्ता तोच. पट्ट्यांनी काय होतंय?" पण हौसेला मोल नसतं, आणि जावेला दाखवायच्या हौसेला तर नसतंच नसतं.

दुसऱ्याच दिवशी तसल्याच पट्ट्या विकत घेऊन मी मामूंकडं. पट्ट्या बघून ते खूश झाले. "ह्या तर भुवया! बसवू की. भुवया कुनाला चावत न्हायत." दोरा ताणून, मोजून, डोळा बारीक करून त्यांनी त्या बसवल्या. एक बाजू केसाएवढी खाली वाटली तर काढून पुन्हा लावली. "नवरीची एक भुवई वर ऱ्हायली तर लोक नवरीला हसत न्हायत, नटवनारीला हसतात," म्हणाले. मी डब्यावर बसले, तीस म्हटले, डोळे कोरडे ठणठणीत. पास!

तिथंच थांबायला हवं होतं. पण मी म्हणाले, "मामू, ते खालचे धुक्याचे दिवे पिवळे, मिणमिणते आहेत. त्यातले बल्ब काढून पांढरे झगझगीत घाला. जाऊबाईंच्या गाडीपेक्षा उजेड जास्त पडला पाहिजे."

मामूंनी बडीशेप चावायची थांबवली. "बाई, दिव्याचं ते घर पिवळ्या बल्बासाठी घडवलंय. त्यात पांढरा घुसवला की उजेड रस्त्यावर ऱ्हात न्हाय, चौफेर सांडतो. आनि धुक्यात पांढरा उजेड म्हंजी दुधात चुना. धुक्याचा दिवा धुक्यासाठी. तुमची जाऊ म्हंजी काय धुकं हाय का?"

आजूबाजूचे दोघे-तिघे फिदीफिदी हसले. मला झोंबलं. वर्गात सगळ्यांना गप्प करणारी बाई मी, मला गिऱ्हाइकांसमोर असं बोलायचं? "बसवायचे नसतील तर राहू द्या," म्हणून मी गाडी काढली आणि थेट बायपासवरच्या चकचकीत दुकानात गेले. तिथं थंड पाणी दिलं, मॅडम मॅडम केलं आणि पाऊण तासात पांढरे बल्ब बसवून दिले. डब्यावर बसा म्हणून कुणी म्हणालं नाही. मला तर सुटल्यासारखं वाटलं. त्या रविवारी मी सोलापूरला जाऊन आले. जाऊबाईंनी दिवे बघितले आणि विषय बदलला. सगळं सार्थक झालं.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा होती. संक्रांत आठ दिवसांवर आलेली, धुकं असं की बोनेटचं टोक दिसेना. मी ऐटीत पांढरे दिवे लावले. समोर पांढरी भिंत उभी राहिली. रस्ता तर नाहीच, पण रस्त्याच्या कडाही गेल्या. दिवे बंद करावेत एवढंही मला सुचलं नाही. तेवढ्यात समोर काहीतरी हललं, मोपेडचा बारीक आवाज आला, आणि मग डाव्या-उजव्याचा काही पत्ता लागायच्या आत तो आवाज रस्ता सोडून चरीत गेला.

मी धावले. हरभऱ्याच्या कडेला चरीत मोपेड आडवी पडली होती आणि शेजारी मामू उजवं मनगट डाव्या हातानं धरून बसले होते. चष्मा दोरीला लोंबत होता. माझ्या तोंडून काय निघालं असेल? माफी? छे! मी म्हणाले, "मामू, धुकं लई होतं हो."

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा माझ्या गाडीकडं. "हौ," म्हणाले. "धुकं होतं."

मी त्यांना गाडीत घालून उमरग्याला दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. वायर सोलणारा, केसाएवढा फरक ओळखणारा तो हात. डॉक्टरांनी विचारलं, "कशानं पडलात?" मामू पुन्हा म्हणाले, "धुकं होतं." मी बाजूला पर्स घट्ट धरून उभी. रोज चाळीस पोरांना खरं बोलायला शिकवणारी बाई!

त्यानंतर मी शाळेला एसटीनं जाऊ लागले. गाडी घरासमोर, वर कापड टाकलेलं. हे म्हणाले, "बिघडली का?" मी म्हणाले, "पेट्रोल वाचवतेय." एसटी मामूंच्या दुकानावरून जायची. दुकान अर्धं बंद, मामू बाहेर खुर्चीवर बसलेले, हात गळ्यात. आलेल्या गिऱ्हाइकाला दुसरीकडं पाठवताना दिसायचे. मी खिडकीतून मान आत घ्यायची. रात्री जेवण जाईना. शेवटी दहाव्या दिवशी मला माझाच एवढा राग आला, की संध्याकाळी शाळेतून आल्यावर कापड ओढून फेकलं आणि गाडी थेट मामूंच्या दुकानासमोर नेऊन उभी केली.

मी उतरले. कोपऱ्यातला डबा उचलला, गाडीसमोर पावलं मोजून ठेवला आणि वर बसले. मामू उठले, डाव्या हातानं दार उघडलं आणि सगळे दिवे लावले.

एक, दोन, तीन. आठला डोळे झोंबायला लागले. पंधराला काही दिसेना. वीसच्या पुढं मी आकडे म्हणत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं. पण तीस म्हटले. एकही गाळला नाही. तीस झाल्यावर म्हणाले, "मामू, माझ्यामुळं पडलात तुम्ही. मी बायपासवर जाऊन बसवून घेतले."

दिवे विझले. मामू म्हणाले, "उजवा दोन बोटं वर हाय. कुनी बसवला ह्यो?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"चरीत जाता जाता बघितला की! पडायला येळ लागतो बाई, तवर मानूस बघतो."

"मग दवाखान्यात का बोलला नाहीत?"

"डब्यावर बसल्याबिगर म्या गिऱ्हाइकाला कधी बोललोय का?" आणि ते असे हसले, की शेजारचा रसवाला बघायला आला.

मग त्यांनी स्क्रू पिळायचा पेचकस हातात देऊन मला कामाला लावलं. पांढरे बल्ब काढायचे, पिवळे घालायचे, दोन्ही दिवे दोन-दोन बोटं खाली घ्यायचे. ते खुर्चीवरून सांगणार आणि मी बंपरखाली आडवी. साडीला ग्रीस, नखात माती. "बाई, पेचकस हाय तो, खडू न्हाय. घट्ट धरा." काम झाल्यावर ते स्वतः डब्यावर बसले आणि मोठ्यानं तीस म्हणाले. मग डोळ्यांना बोट लावून मला दाखवलं. कोरडं.

प्लास्टर निघालं, हाडही जुळलं. पण बारीक स्क्रू धरताना अंगठा थरथरायचा. दोन वर्षं त्यांनी रेटलं. मग दुकान बंद करून ते बिदरला लेकीकडं गेले. "जानारच होतो बाई, हाताचं काय घेऊन बसलाव," म्हणाले. ते खरं होतं की दवाखान्यातल्या धुक्यासारखं, ते मला आजही ठरवता येत नाही. गेल्या वर्षी ते तिकडंच वारल्याचं कळलं. डबा कुणी नेला कोण जाणे. जाऊबाई अजून म्हणतात, "ताई, तुमच्या गाडीचा उजेड फारच खाली पडतो हो." मी म्हणते, "हो. मुद्दाम पाडलाय."

परवा पुन्हा तसंच धुकं होतं. त्याच हरभऱ्याच्या रानापाशी समोरून एक टेम्पो आला. मी दिवा खाली घ्यायच्या आत त्यानंच घेतला आणि कडेला दबून मला वाट दिली. पिवळे दिवे, नीट रस्त्यावर पडलेले. मी काच खाली करून ओरडले, "मामूंच्या डब्यावर बसलावता का हो?"

धुक्यातून आवाज आला, "व्हय बाई! तीस म्हनलोय, मोठ्यानं!"

त्याचा दिवा चांगला दोन बोटं खाली होता. तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.