मी थांबवलेलं वचन

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. वडील मोहोपाड्याच्या एका कारखान्यात हेल्पर होते, आई अंगठा लावायची. मी बी.ए. झाले, खालापूरला सरकारी कचेरीत लागले. हे मी आजही मान वर करून सांगते. पुढचं कळायला आधी हे कळलेलं बरं.

आम्ही कॅथलिक. आमच्या चर्चमधल्या काही जणांनी एका संन्यासी संघाच्या प्रापंचिक शाखेत नाव घातलं होतं. म्हणजे झगा घालायचा नाही, मठात जायचं नाही. नोकरी, संसार, सासू, सगळं सांभाळून संघाच्या नियमाने जगायचं. त्यासाठी आधी दोन वर्षं घडणीचे वर्ग. मग संघाच्या संताच्या सणाला, वर्षातून एकदाच, वेदीसमोर आयुष्यभराचं वचन. वचन दिलं की गळ्यात लाकडी क्रूस मिळतो. माणूस गेलं की तोच क्रूस हातात देऊन पुरतात.

घडणीची पुस्तकं इंग्रजीत. ती वाचू शकणारी मीच, म्हणून वर्ग माझ्याकडे आले. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्सेची प्रार्थना झाली की चर्चमागच्या खोलीत आम्ही बसायचो. मी फळ्यावर मुद्दे लिहायचे. आणि एक नियम मी माझ्या मनाने काढला. प्रत्येकाने महिन्याला एक पान लिहून आणायचं, नियम कुठे पाळला आणि कुठे मोडला त्याचं. पुस्तकात असं काही नव्हतं. पण मी स्वतः लिहून लिहूनच शिकले होते. शिकायची दुसरी रीत मला ठाऊक नव्हती.

वर्गात एक मावशी होत्या. साठीच्या, नवरा गेलेला. कॉलनीत चार घरची धुणीभांडी करायच्या. लोधिवलीहून रिक्षाने यायच्या, रविवारी रिक्षा नाही मिळाली तर निम्मी वाट चालत. त्यांचं पहिलं पान आलं ते चांगल्या वळणदार अक्षरात.

"मावशी, हे कोणी लिहिलं?"

"सुनेनं."

"मग हे तुमचं कसं?"

"आता काय सांगू मॅडमबाय. हात तिचा, बोलनं माजं. तुज्या हाफिसात सायेब नुसती सही करतो, कागद तूच लिवतेस ना?"

सगळे हसले. मलाही हसू आलं होतं, ते मी दाबलं.

पानावर होतं: कॉलनीतल्या बाईंची अंगठी हरवली. त्यांनी माझी पिशवी उलटी केली. दुसऱ्या दिवशी अंगठी त्यांच्याच कपाटात मिळाली. त्या काही बोलल्या नाहीत. मी भांडी घासली. राग आला. जपाची माळ धरली. राग गेला नाही. परत धरली.

मी खाली लाल पेनाने लिहिलं, 'स्वतः लिहावे.'

दोन वर्षं अशीच पानं येत राहिली, आणि माझा तोच शेरा. सण जवळ आला तेव्हा फादरांनी विचारलं, "मावशी तयार आहेत?"

"वचनाचा मजकूर त्यांना वाचता येत नाही, फादर. एक वर्ष थांबवू."

"कोणीतरी पुढे सांगेल, त्या मागून म्हणतील की."

"मग बाकीच्यांनी मेहनत कशाला केली?" मी म्हटलं.

फादर महिन्यातून एकदा येणारे. त्यांनी निर्णय माझ्यावर सोपवला.

मावशींना मी दारातच सांगितलं. त्या चप्पल शोधत होत्या.

"थांबते की. देवाला कुठं घाई हाय?" एक चप्पल पायात सरकवून म्हणाल्या, "घाई मला हाय गं. तो क्रूस हातात घेऊन जायचं हाय. बाकी काय नेणार मी?"

"एका वर्षाचाच तर प्रश्न आहे, मावशी."

सणाच्या दिवशी त्यांनी बाकीच्यांच्या मेणबत्त्या धरल्या. नंतरही वर्ग चुकवला नाही. नवीन आलेल्यांच्या मागे बसायच्या. पुढचा सण यायच्या आतच, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, कामावरून घरी येताना छातीत कळ आली. पनवेलच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्या गेल्या.

आम्ही लोधिवलीला गेलो. पडवीत पेटी ठेवलेली. आमच्यातलं कोणी गेलं की आम्ही भोवती मेणबत्त्या घेऊन उभे राहतो आणि हातात क्रूस देतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी माझ्या गळ्यातला, माझ्या वचनाचा क्रूस काढला आणि वाकले. पेटीजवळ बसलेल्या सुनेने माझा हात धरला.

"नको ताई. तुमीच बोललात, अजून झालं नाय त्यांचं. आता खोटं नको हातात."

"खोटं नाही हे."

"मग तवा का नाय दिलं?"

तिने आवाज चढवला नव्हता. मी क्रूस परत गळ्यात घातला. मावशींच्या बोटांत त्यांची निळी प्लॅस्टिकची माळ होती. तीच राहिली.

माती देऊन परतताना सून माझ्या बाजूने चालत होती. म्हणाली, "पाठ होतं त्यांना सगळं वचन. पयल्याच वर्षी मी वाचून दावलेलं. भांडी घासताना म्हनायच्या. तुमी कधी म्हनायला लावलं नाय."

खरं होतं. दोन-अडीच वर्षांत मी त्यांना लिहायला सांगितलं, वाचायला सांगितलं. म्हणून दाखवा, असं एकदाही सांगितलं नाही.

वर्ग अजून माझ्याकडेच आहेत. सोडते म्हटलं, तर सगळे म्हणाले, मग पुस्तकं कोण वाचणार? पान लिहून आणायचं मात्र मी बंद केलं. कपाटात उमेदवारांची जुनी यादी आहे. तीत मावशींच्या नावापुढे 'एक वर्ष थांबविले' असं लिहिलेलं आहे. अक्षर माझं. सुवाच्य आहे, कॉलेजात माझ्या वह्या सगळे मागून न्यायचे.