व्हर्बकाचा एक यार्ड

लेनर्ड व्हर्बका शाळेत पोरांना सुतारकाम शिकवायचा आणि शाळा सुटली की फुटबॉल. सत्तावीस वर्षं. हेकट माणूस, पण मनानं वाईट नव्हता हो. आपला तो अमेरिकेतला फुटबॉल, पायानं खेळायचा नव्हे, बॉल छातीशी धरून माणसांच्या भिंतीत घुसायचं. चार डावांत दहा यार्ड सरकलात तर बॉल तुमचा, नाहीतर समोरच्यांचा. आता शेवटचा डाव आला आणि एकच यार्ड उरला, की लेनर्डचं ठरलेलं: उजवीकडच्या जाड्या गड्याच्या पाठीमागनं घुसायचं. गावातल्या म्हाताऱ्यांनासुद्धा पाठ. ते बाकावरनं ओरडायचे, "उजवीकडं रे उजवीकडं!" समोरच्यांना ऐकू जायचं, तरी यार्ड मिळायचाच.

पण दोन वर्षं नुसती हार. शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष तोंडावर म्हणाला, "लेनर्ड, ही शुक्रवारची मॅच गेली तर सोमवारी टीम दुसऱ्याच्या हातात."

त्या आठवड्यात त्याला घास उतरेना. बायको, बर्नाडीन, कोलाची, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, समोर ठेवायची, तो चुरा करत बसायचा.

"टीम गेली तर गेली. रंधा आहे ना हातात?" ती म्हणाली.

"रंध्यासाठी कोण टाळ्या वाजवतं गं?"

शुक्रवारी हाडं गोठवणारी थंडी. आपले चार गुणांनी पुढं. चाळीस सेकंद राहिलेली, शेवटचा डाव, एक यार्ड. तेवढा मिळाला की बॉल धरून बसायचं, मॅच खिशात. नाही मिळाला तर बॉल त्यांचा, आणि आपली शेवटची रेघ बत्तीस यार्डांवर; ती ओलांडली की सहा गुण त्यांचे. लाथ मारून बॉल लांब धाडता आला असता. पण त्या दिवशी लाथ मारणाऱ्याकडं बॉल फेकताना दोनदा डोक्यावरनं गेलेला. तिसऱ्यांदा गेला तर?

"लाथ मार, गाढवा!" बाकावरनं कुणीतरी ओरडलं.

लेनर्डनं हात केला: उजवीकडं.

पोरं वाकून उभी राहिली. उजवीकडचा गडी म्हणजे मायलो झाब्का, अंगानं बैल. तो रोज उजवा हात जमिनीला टेकायचा. आज त्यानं डावा टेकला. खेळ थांबवायची एकच मुभा उरलेली, ती लेनर्डनं तिथंच वापरली.

"हात दाखव."

"काय नाही सर."

"दाखव म्हणतो ना!"

वांग्यासारखा सुजलेला. दोन बोटं भलतीकडं वळलेली.

"कधी झालं?"

"मघाशी. सर, मला काढू नका. माझ्याच बाजूनं घाला. एकच यार्ड आहे. दात आवळून काढतो."

लेनर्ड त्या हाताकडं बघत राहिला. सोमवार डोळ्यांपुढं नाचत होता. पंच शिट्टी तोंडाशी नेत होता. मग लेनर्डचे ओठ हलले, थांबले, आणि तो खेकसला, "बस बाहेर! डावीकडनं जाऊ."

गेले डावीकडनं. नुसता ढीग झाला माणसांचा. ढीग उपसला तर यार्ड मिळाला की नाही कळेना, म्हणून दहा यार्डांची साखळी आली मापायला, दोन टोकांना दोन काठ्या. ती साखळी आपल्याच गावची माणसं धरतात. पुढची काठी होती बर्नाडीनच्या भावाकडं, अल्फॉन्सकडं. तो गुडघ्यावर बसला. बॉल काठीला दोन बोटं कमी.

"अल्फॉन्स, ओढ ना नीट! ढिली आहे ती!" भर मैदानात, सगळ्यांदेखत. लेनर्डचा आवाज फाटला.

अल्फॉन्सनं मान वर केली नाही. "ताणलेलीच आहे, दाजी."

"सैल आहे, मला दिसतंय!"

"दाजी, माणसं बघतायत."

तिसऱ्या डावात त्यांनी बॉल रेघेपल्याड नेला. आपली पोरं गवतावर आडवी पडून रडत होती. मायलो हात पोटाशी धरून चालत सुटला. सोमवारी मंडळानं पाच मिनिटांत उरकलं.

मग पेट्रोलपंपावर कॉफी प्यायला बसणारी मंडळी दोन तोंडांनी बोलायला लागली. काही म्हणाली, लाथ मारायला हवी होती. बाकीची म्हणाली, हरला, पण पोराचा हात वाचवला, देवमाणूस. दोघांचंही लेनर्डच्या कानावर गेलं. पहिलं त्यानं गिळलं. दुसरं ऐकून आला आणि ताटावरनं उठला.

"काय झालं आता?" बर्नाडीननं विचारलं.

"मी त्याला पाठवणारच होतो."

"काय?"

"'जा' म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बोटांना वारा लागला म्हणून तो कळवळला. आईला हाक मारली त्यानं, बारीकशी. नाहीतर पाठवला असता गं. एका यार्डासाठी."

बर्नाडीननं चूल पुसत पाठ फिरवली. बराच वेळ ती तीच जागा पुसत होती.

"हे मायलोच्या आईला सांगू नकोस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो मायलोच्या आईच्याच दारात जाऊन उभा राहिला.